कसणाऱ्याचं नाव

हरिश्चंद्र खोत स्वतःच्या पायांनी गावड्यांच्या अंगणात आले, ही गोष्ट वाडीला पचायला पुढे आठ दिवस लागले. खोताने कुळाच्या दारात यायचं ते मयताला, नाही तर परसातला फणस कुणी परस्पर उतरवला याची चौकशी करायला. त्या पौषातल्या संध्याकाळी घरात मयत नव्हतं आणि फणसाला अजून कोवळ्या कुयऱ्याही धरल्या नव्हत्या. तरी आबा खोत आले, काठी खांबाला टेकवली आणि घरधनी दाजी गावड्यांनी झटकलेल्या घोंगडीवर बसले. खोती जाऊन नऊ वर्षं झाली होती. कायद्याने ते आता नुसते जमीनमालक होते, पण गावाच्या तोंडातला 'खोत' हा शब्द काही निघत नव्हता.

काशीबाईने गूळपाणी आणून ठेवलं आणि ती पडवीच्या कोपऱ्यात भात पाखडायला बसली. दाजींची ही धाकटी बहीण. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली, त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. घरात कुणी आलं की ती कोपरा धरायची, आणि बोलणारी माणसं ती तिथे आहे हे विसरून जायची.

उद्या कट्टा गावच्या शाळेत मामलेदार कुळकायद्याची प्रकरणं घेणार होते. प्रत्येक कुळाला एकच प्रश्न विचारायचा होता, तू कसतोस ती जमीन सरकार ठरवील त्या किमतीला विकत घेणार का. 'हो' म्हटलं की जमीन कुळाची. 'नको' म्हटलं की हातातली सुटली. गावड्यांकडे खोताचा व्हाळाकाठचा, म्हणजे ओढ्याकाठचा, मळा होता. पावसाळ्यात एक पीक आणि पौषात व्हाळ अडवून वायंगणी भाताचं दुसरं. घरातली सात तोंडं त्या मळ्यावर जेवत होती.

आबांनी आवाज चढवला नाही. त्यांना तशी सवयच नव्हती. "दाजी, तुझ्या बापाशीक माझ्या आज्यान मळो दिल्यान, तेवा कागद होतो काय? शब्द होतो. तो मी आजून पाळतंय. तू उद्या 'नको' म्हण. मळो तूच कसतलंस, तुझे झील कसतले. गुरुदासाक येंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात लावतंय. मेव्हण्याक चिठी आधीच धाडलंय."

गुरुदास हा दाजींचा धाकटा मुलगा, चोवीस वर्षांचा. तो दारात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कारखान्याचा भोंगा वाजत असल्यासारखा आनंद होता. थोरला सत्यवान मात्र तापला. तो मुंबईला गिरणीत होता आणि एवढ्या एका प्रश्नासाठी बोटीने मालवणला उतरून घरी आला होता. आल्या आल्या त्याने सरकारी नोटीस मागितली होती, तेव्हा कळलं की ती आबांकडे आहे. सरकारी कागद घरात ठेवला की त्याच्यामागून सरकार येतं, अशी दाजींची पक्की समजूत. नोटीस हातात पडली त्याच दिवशी त्यांनी ती नेऊन खोताच्या स्वाधीन केली होती. आता जमीन कुणाची हे ठरवणारा कागद जमीनमालकाच्या कोटाच्या खिशात होता, आणि यात काही चुकलं असं घरात सत्यवान सोडून कुणालाच वाटत नव्हतं.

सत्यवानाने वडलांना सगळं सांगून बघितलं. कायदा विधानसभेत झालाय, ती माणसं आपल्याच मतांनी तिथे बसलीत, त्या पेटीत आबांचं जेवढं मत पडलं तेवढंच तुमचं पडलं. दाजी ऐकून घेत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मी आबांक शब्द दिलंय." मोडलेल्या शब्दाचा माणूस त्या वाडीत बांधावर उभा करत नसत, आणि दाजींच्या पासष्ट वर्षांत त्यांच्याकडे मोडता येईल असं दुसरं काही नव्हतंच.

*

कट्ट्याची शाळा त्या दिवशी कचेरी झाली होती. टेबलावर फडकं, फडक्यावर कागदांचे गठ्ठे, मागे खुर्चीवर चष्मा लावलेला पस्तिशीचा मामलेदार. घाटावरचा असावा, बोलणं पुस्तकी. खुर्ची एकच होती. बाकी सगळ्यांना मुलांचे बाक, आणि बाकावर क्रमांकाप्रमाणे बसायचं.

दाजी सवयीने भिंतीशी जमिनीवर बसायला गेले, तर शिपायाने त्यांना दंडाला धरून उठवलं. "क्रमांक चौदा? तो बाक." बाकावर आधीच आबा खोत बसले होते, कारण चौदा क्रमांक त्यांचाही होता. मालक आणि कूळ एकाच फळीवर. लहान मुलांचा बाक तो, दोघांचे गुडघे छातीशी आले होते. दाजींनी धोतराचा सोगा आवरून अंग इतकं चोरलं की अर्धे ते हवेतच होते. सत्यवान मागून बघत होता. गिरणीच्या फाटकावर त्याने मोर्चे पाहिले होते, लाल बावटे पाहिले होते, पण कुणी घोषणा न देता, हात न उगारता, नुसत्या एका क्रमांकाने आबा खोतांना आपल्या बापाच्या शेजारी बसवावं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला.

अकरावं प्रकरण बाबू मेस्त्रीचं होतं. तोही आबांचंच कूळ. मामलेदारांनी प्रश्न विचारला, तसा बाबू हात जोडून म्हणाला, "आबा सांगतीत ता."

"आबांना मी विचारलेलं नाही. तुम्हाला विचारतोय."

बाबूने आबांकडे पाहिलं, मामलेदारांकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं. जन्मात त्याला कुणी असं एकट्याला गाठून विचारलं नव्हतं. मग तो इतक्या हळू 'होया' म्हणाला की मामलेदारांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याला रडू फुटलं आणि आपण का रडतोय हे न कळून तो ओशाळून हसायला लागला. आबा खोत समोरच्या फळ्याकडे बघत राहिले. फळ्यावर कालची बेरीज तशीच होती.

दाजींना लाज वाटली. बाबूसाठी नव्हे, स्वतःसाठी. एवढ्या माणसांत, इतक्या सोप्या प्रश्नाला, आपल्याला 'नको' म्हणायचं आहे.

"क्रमांक चौदा," कारकुनाने वाचलं. "मालक, हरिश्चंद्र खोत. कूळ, काशीबाई भ्रतार शिवा पालव."

कुणीच उठलं नाही. पालव नावाचं घर त्या गावात नव्हतं. कारकुनाने पुन्हा वाचलं. दाजी अर्धवट उभे राहून म्हणाले, कूळ मी आहे, दाजी गावडे, मळा आमच्या बापापासून आमच्याकडे आहे. मामलेदारांनी तलाठ्याला दप्तर काढायला सांगितलं. तलाठ्याने सातबाराचे जुने उतारे पसरले आणि बोट ठेवलं. अकरा वर्षांच्या पीकपाहणीत, कसणाऱ्याच्या रकान्यात, ओळीने तेच नाव.

आणि दाजींना आठवलं. लढाईनंतरचे लेव्हीचे दिवस. ज्याच्या नावावर पीक लागलं त्याच्या घरी सरकार धान्य मोजून न्यायला येतं, नाही दिलं तर बेड्या घालतं, अशी वदंता. तलाठी मळ्यात पीक बघायला आला तेव्हा दाजी बांधाआड उभे होते आणि काशी चिखलात भाताचा तरवा लावत होती. 'नाव कुणाचं घालू?' तलाठ्याने विचारलं. विधवेला कोण बेड्या घालतंय, असा विचार करून दाजींनीच सांगितलं होतं, तिचं घाल. स्वतःच्या हुशारीवर ते तेव्हा आठ दिवस खूश होते. पुढे दर वर्षी मागचं नाव पुढे उतरत गेलं.

आबांनी खिशातली नोटीस काढून पहिल्यांदा उलगडली. त्यांनीही ती वाचलेली नव्हती. सर्व्हे नंबर तोंडपाठ, खंडाचं भात दाजी आणून घालायचा, म्हणजे कूळ दाजी. नाव बघायचं काय? आता त्यांनी ते नाव दोनदा वाचलं.

सत्यवानाने पुढे होऊन सांगितलं, ती माझी आत्या, घरचीच आहे, तिच्या वतीने आम्हीच काय ते सांगतो. मामलेदारांनी मान वर केली. "मळ्यात उतरून काम कोण करतं?"

सत्यवान चौदा वर्षं गिरणीत होता. दाजींना कंबर धरून सहा वर्षं झाली होती. गुरुदासाला चिखल आवडत नसे. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, तरी तिघांनाही ते नवं वाटलं. 'कसेल त्याची जमीन' हे सत्यवान सभांमधून गळा फुटेस्तोवर ओरडला होता. तो 'कसेल तो' म्हणजे आपण, हे त्याने कधी तपासूनच पाहिलं नव्हतं.

"काशीबाईंना बोलवा," मामलेदार म्हणाले. "दुपारच्या सत्रात घेतो."

*

गुरुदास खोताची सायकल घेऊन मळ्यावर आला तेव्हा आनंदी आणि काशीबाई व्हाळाच्या बांधाची गळती बुजवत होत्या. आनंदी म्हणजे सत्यवानाची बायको. नवरा मुंबईत, त्यामुळे तिचं लग्न सत्यवानाशी झालं असलं तरी संसार काशीआत्याबरोबरच चालला होता. गुरुदासाने धापा टाकत सगळं सांगितलं. काशीबाईने हातातला चिखलाचा गोळा बांधात दाबला, वरून थोपटला आणि मगच हात धुतले.

"माझा नाव?" तिने विचारलं. "खंय लिवलेला आसा?"

"सरकारच्या दप्तरात. अकरा वर्सां."

ती व्हाळाच्या पाण्याकडे बघत उभी राहिली. आनंदीला वाटलं आत्या घाबरली. पण ते भय नव्हतं. देवळात गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालताना आपल्या घराचं नाव घेतलं की आत्याचा चेहरा जसा होई, तसा आता झाला होता.

कोसभर वाट. गुरुदास सायकल हातात धरून बरोबर चालत होता. हा मुलगा आई गेल्यावर काशीबाईच्याच मांडीवर वाढला, म्हणून त्याने आडपडदा ठेवला नाही. "आत्ये, तू 'नको' म्हटलंस तर माका नोकरी. दाजींचो शब्दय ऱ्हवतलो. तू 'होया' म्हटलंस तर दोनय गेले." काशीबाईने ऐकलं. तिने त्याला दटावलं नाही की समजूत घातली नाही. गुरुदास पुढे निघून गेला, कदाचित स्वतःचंच बोलणं त्याला टोचलं असावं.

शाळेच्या आवारात दाजी आणि सत्यवान वेगवेगळ्या झाडांखाली उभे होते. पहिल्यांदा सत्यवान आला. आत्ये, 'हो' म्हण, कायदा आपल्या बाजूचा आहे, नंतर सगळं घराच्या नावावर करून घेऊ, तुला काही तसदी पडणार नाही. आनंदीला हसू आलं आणि रागही आला. सकाळपर्यंत बाप-लेक दोन टोकांना होते. आता मालकीण तिसरीच निघाल्यावर दोघेही तिला आपल्या टोकाकडे ओढणार होते, आणि दोघांच्याही लेखी काशीआत्या म्हणजे एक अंगठा होता.

दाजी मागाहून आले. ते बहिणीच्या डोळ्यांत बघत नव्हते. "काशी, माझ्या शब्दाक जाग," एवढंच म्हणाले. काशीबाईला एक्केचाळीस वर्षं या भावाने घरात ठेवलं, जेवताना कधी ताटाकडे बघितलं नाही, उणा शब्द बोलला नाही. हे ती विसरणारी नव्हती आणि दाजींनाही ते ठाऊक होतं.

दोघे बाजूला झाल्यावर आनंदीने आत्याच्या पदराला लागलेला चिखल खरवडून काढला. "आत्यानूं, सगळे सांगतत. तुमका काय होया ता कोणी इचारूक नाय. मी इचारतंय."

काशीबाईने तिच्याकडे असं पाहिलं की आनंदीला वाटलं आपण काही तरी भलतंच बोललो.

*

वर्गात शिरल्यावर मामलेदारांनी बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मालक राहतील, ते पक्षकार आहेत. घरच्यांपैकी कुणी नको. काशीबाई बाकावर टेकली. समोर खुर्चीत बसलेला हा मुलगा सत्यवानाच्याच वयाचा, आणि तो तिला 'बाई, तुम्ही' म्हणत होता.

त्याने नाव विचारलं. काशीबाई भ्रतार शिवा पालव, असं ती म्हणाली, आणि शिवा हे नाव एक्केचाळीस वर्षांनी तिच्या तोंडून बाहेर पडलं. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ते नाव घेतल्याशिवाय सरकारला ती सापडली नसती.

जमीन कोण कसतं, किती वर्षं, खंड कुणाला, असं एकेक विचारून त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "ही जमीन तुम्हाला विकत घ्यायची आहे का? कुणाच्या भिडेने सांगू नका. कुणी धमकावलं असेल तर तेही सांगा. तुम्ही 'नको' म्हणालात तरी तुमचा कुणी गुन्हा धरणार नाही."

बाजूला आबा होते. लहानपणापासून आबा दिसले की ती वाटेच्या कडेला होत आली होती. आज ते हातभर अंतरावर बसलेले, आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. गावचा खोत एका बाईच्या तोंडून काय निघतं याची वाट बघतोय, हे तिला पटता पटेना. कुठे मुंबई, कुठे दिल्ली, कुणी तरी तिथे बसून ठरवलं की कसणाऱ्याला विचारायचं. त्यांना ती माहीत नव्हती, त्यांनी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती बाई की बाप्या, सवाष्ण की विधवा, हेही त्यांनी विचारलं नव्हतं. तरी तो प्रश्न डोंगर, खाडी, वाड्या ओलांडत तिच्यापर्यंत आला होता. एवढं थोर काही तरी जगात आहे आणि आपण त्यात मोजले गेलो आहोत, या विचाराने तिला भरून आलं.

"साहेब, एक इचारू?" ती म्हणाली. "जमीन माझी झाली, तर बांधार लावलेलो माड कोणाचो?"

"माड तुमचा."

"आणि तेचो नारळ?"

"तोही तुमचा."

मामलेदारांना या प्रश्नाचा रोख कळला नसावा, आबांना लगेच कळला. गावात झाड लावील कूळ आणि ते होईल खोताचं, ही रीत. म्हणून त्या मळ्याच्या बांधावर तीन पिढ्यांत एक माड उभा राहिला नव्हता. व्हाळाचं पाणी मुळाशी, मऊ माती, माडाला अशी जागा शोधून सापडायची नाही. काशीबाई एक्केचाळीस वर्षं त्या मोकळ्या बांधावरून चालत होती आणि दर खेपेला कुठे कुठे माड उभे राहिले असते ते तिला दिसत होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने गुरुदासाचा विचार केला. दाजींचा केला. दोघांनाही आपण आज दुखावणार हे तिला लख्ख कळलं.

"माका होया," काशीबाई म्हणाली.

*

बाहेर आल्यावर कुणीच काही विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सत्यवान पुढे येऊन काही बोलणार होता, पण आनंदीने त्याचा सदरा मागून धरला. गुरुदास सायकल परत करायला खोताच्या गाडीकडे गेला होता.

दाजी हात जोडून आबांसमोर उभे राहिले. आबांनी नोटीस घडी करून त्यांच्या हातात दिली. आबांचा चेहरा एका दिवसात उतरला होता. त्यांच्या आजोबांनी हो म्हटलं की गावात हो होत असे, आणि हे आता पुन्हा होणार नाही हे त्यांना त्या छोट्या बाकावर बसून समजलं होतं.

"तू शब्द मोडूक नाय, दाजी," ते म्हणाले. "शब्द तुझो होतो, तो तू दिलंस. जमीन तुझी नव्हती." काठी उचलून ते म्हणाले, "आणि माझीय नव्हती, ता आजच कळला." मग गाडीकडे निघाले. गुरुदासाच्या चिठीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि कुणी विचारण्याचा प्रश्नही नव्हता.

सगळे परतीच्या वाटेला लागले. गुरुदास वीस पावलं मागे. काशीबाई सवयीने सर्वांच्या शेवटी राहायला बघत होती, पण आनंदी तिच्या गतीने चालत असल्यामुळे तिला ते जमेना. दाजी सगळ्यांत पुढे, नोटीस मुठीत. भाऊ आता घरी गेल्यावर आपल्याशी बोलेल का, जेवेल का, की माळ्यावर जाऊन पडून राहील, हे तिला कळत नव्हतं. मिळालं त्यापेक्षा गेलं जास्त असं तर झालं नाही ना, अशी भीती तिच्या मनात पहिल्यांदाच आली.

मळ्यापाशी आल्यावर दाजी थांबले. घरची वाट बांधावरूनच जात होती. एरवी ते त्या बांधावरून डोळे मिटून चालत गेले असते. आज पाय उचलून त्यांनी तो पुन्हा खाली ठेवला. खालच्या कुणग्यांत, मळ्याच्या बांध घातलेल्या तुकड्यांत, भात लावून झालं होतं. वरचा एक कुणगा, पाणी चढत नाही म्हणून, उघडाच होता. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. मागे सगळे थांबले.

"काशी," त्यांनी मागे न वळता विचारलं, "यंदा ह्या वरच्या कुणग्यात काय घालूचा?"

काशीबाईला आधी वाटलं, भाऊ दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय.

"माका इचारतस?"

"मगे आणि कोणाक इचारू?" दाजी म्हणाले, आणि तिला पुढे जायला वाट देऊन ते बांधाच्या कडेला झाले.